आधी पलंगाची उंची मोज

प्रिय कुंदा,

तुझा निरोप मिळाला. वॉर्डची इनचार्ज झालीस, मनापासून अभिनंदन! मिरजेच्या होस्टेलवर असल्यापासून तुला हे काम करायचं होतं आणि ते तुला मस्कतला मिळालं, याचा मला फार आनंद झाला. आईंना फोन केला होता. त्या शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून मोकळ्या झाल्यात.

निरोपातली दुसरी गोष्ट मात्र मनात राहिली. तुझ्या वॉर्डातल्या तीन सिस्टर एकापाठोपाठ कमरेच्या दुखण्याने रजेवर गेल्या. त्यावर वरून हुकूम आलाय, की सगळ्यांना गोळा कर, ‘वजन कसं उचलावं’ यावर तासाभराचं लेक्चर घे, भिंतीवर पोस्टर लाव आणि हजेरीच्या सह्या घे. तू मला लिहितेस, ‘तुझ्याकडची चित्रं पाठव.’ चित्रं पाठवते गं. पण त्याआधी हे पत्र सवडीने वाच. नुसत्या लेक्चरने तुझ्या मुलींच्या कमरा वाचणार नाहीत, आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाही.

१९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला होता. अमेरिकेतले टपाल कामगार, जवळजवळ चार हजार. त्यातल्या काही तुकड्यांना फिजिओथेरपिस्टनी वजन कसं धरायचं, कसं वाकायचं, हे रीतसर शिकवलं. नंतर उजळणीचे वर्गही घेतले. बाकीच्या तुकड्यांना काहीच शिकवलं नाही. पाच वर्षांहून जास्त काळ दोघांवर लक्ष ठेवलं. शिकलेल्यांना माहिती नक्कीच जास्त होती. पण कमरेच्या दुखापती दोन्हीकडे सारख्याच, रजा सारख्याच आणि खर्चही सारखाच. नंतर अशा अभ्यासांचे एकत्रित आढावे घेतले गेले, त्यांचा सूरही हाच निघाला.

असं का होतं, ते तुला वॉर्डात उभं राहिल्यावर लगेच कळेल. गुडघ्यात वाक, हे सिस्टरला ठाऊक असतं. पण पलंग खाली, एका बाजूला लॉकर, दुसऱ्या बाजूला सलाइनचा स्टँड आणि पेशंट घसरत चाललेला. त्या फटीत गुडघे वाकवायला जागा कुठे आहे? शिवाय उकिडवं बसून उठायचं म्हणजे दर वेळी आपलं स्वतःचं वजनही उचलायचं. पहिल्या पाच पेशंटना ते जमतं. पुढे मांड्या भरून येतात आणि बाई आपोआप कमरेतून वाकायला लागते. तो तिचा आळस नव्हे. शरीर दमलं की ते कमी श्रमाची वाट धरतं. म्हणून माझं म्हणणं असं, की कमरेला शिकवण्याआधी काम बदलायला हवं. ओझं किती, ते कुठे ठेवलंय, शरीरापासून किती लांब धरावं लागतं, हाताशी साधन आहे का आणि मदतीला दुसरं माणूस आहे का, या गोष्टींवर दुखापत ठरते. त्यातली एकही सिस्टरच्या हातात नसते. तुझ्या हातात आता थोड्या आल्यात, म्हणून एवढं लांबण लावते आहे.

माझ्याकडे येणारे बरेच पेशंट वाशीच्या बाजार समितीतले माथाडी. बहुतेक आपल्याच सातारा-सांगलीकडचे, पाटण-जावळीचे. त्यांचं काम कधी जवळून पाहिलंयस का? कांद्याचा ट्रक गाळ्यासमोर लागतो, फाळका पडतो. ट्रकवरचे दोघं गोणीचे कोपरे धरतात, आकडा लावून ती काठापर्यंत ओढतात आणि खाली पाठ करून उभ्या असलेल्याच्या खांद्यांवर अलगद सोडतात. तो डोक्यावरून गोणपाटाची खोळ घेऊन किंचित पुढे झुकलेला असतो. गोणी बसली की पाय न थांबवता झपझप आत जातो आणि थप्पीवर टाकतो. जमिनीवरची गोणी एकट्याने उचलायचं काम तिथे जुनी माणसं करत नाहीत, करूही देत नाहीत. टोळीतला नवा पोरगा जोशात येऊन तसं करायला गेला, तर मुकादम ओरडतो. हे त्यांना कुठल्या पोस्टरने शिकवलं नाही. ओझं पाठीला चिकटून राहिलं पाहिजे आणि ते खालून वर येता कामा नये, हे कित्येक पिढ्यांच्या कमरांनी शोधून काढलंय.

यामागचं गणित तुला सांगते, कारण लेक्चरमध्ये सांगण्यासारखं हेच एक आहे. आपल्या कण्यामागचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण ५ सेंटीमीटर मागे असतात. समज, तू १० किलोचा खोका हात लांब करून ५० सेंटीमीटर पुढे धरलास. सी-सॉवर एका टोकाला लांब बसलेलं पोर आणि दुसऱ्या बाजूला अगदी मध्याशी बसलेला बाप डोळ्यांसमोर आण. दहापट अंतरावरच्या १० किलोला तोलायला स्नायूंना १०० किलोची ओढ द्यावी लागते. ती ओढ, तो खोका आणि वाकलेल्या धडाचं वजन, हे सगळं कमरेच्या खालच्या मणक्यांमधल्या गादीवर पडतं. तोच खोका पोटाशी धरला तर ओढ निम्म्याहून खाली येते. खोका तोच, बाई तीच.

जर्मनीत उल्मला १९९९ साली एका धडधाकट स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत बारीक सेन्सर बसवून दाब मोजले होते. नुसतं उभं राहिल्यावर ०.५ मेगापास्कल. २० किलोचं ओझं पाठ वाकवून उचलताना २.३. गुडघ्यात वाकून उचलताना १.७. आणि तेच अंगाशी धरून उभं राहिल्यावर १.१. एकाच माणसावरची मोजमापं आहेत, पण बोलकी आहेत. गुडघ्यात वाकण्याने फरक पडतो, नाही असं नाही. पण ओझं जमिनीवरून उचलावंच लागलं नाही, आधीच कमरेच्या उंचीला ठेवलेलं असलं आणि अंगाशी धरता आलं, तर दाब निम्म्यावर येतो.

याच धाग्यावर अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संशोधन संस्थेने वजन उचलण्याचं एक सूत्र केलंय. १९९१ साली ते सुधारलं आणि आजही जगभरचे सुरक्षा अधिकारी ते वापरतात. त्याची सुरुवात २३ किलोपासून होते. ओझं घोट्यांपासून २५ सेंटीमीटरवर, हात जमिनीपासून ७५ सेंटीमीटर उंचीवर, समोर तोंड, पकड छान आणि उचलायचं क्वचित, अशी सगळी अनुकूलता असली तर २३. आता एकेक गोष्ट बिघडवत जा. ओझं ५० सेंटीमीटर लांब असलं की २३चे साडेअकरा. ते जमिनीवर पडलेलं असलं की नवाच्या आत. वर ४५ अंश वळून उचलायचं असलं की साडेसातच्या जरासंच वर. ते किती उंच न्यायचंय आणि दिवसात किती वेळा, हे अजून धरलेलंच नाही. २३ किलोचं काम साडेसातावर आलं, आणि उचलणाऱ्या माणसात काहीच कमी-जास्त झालेलं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कमरेत उसण भरली की घरचे-दारचे त्या माणसालाच दोष देतात, ‘नीट उचललं नसशील.’ दोष बहुतेक वेळा त्या ५० सेंटीमीटरचा असतो.

आता गोणीच्या वजनाकडे येते. एके काळी बाजारात क्विंटलाचं पोतं सर्रास पाठीवर घेतलं जाई. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली माणसाने वाहायच्या जास्तीत जास्त वजनाबद्दल करार केला. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोच्या वर असलेली मर्यादा लवकरात लवकर तिथपर्यंत खाली आणा, असं म्हटलं. भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर उठवली २०१० साली. आपल्या १९४८च्या कारखाने कायद्यातही कलम ३४ होतं, की इजा होईल इतकं वजन कुणाला उचलायला लावू नये. माथाड्यांसाठी मात्र खरं बदललं ते अण्णासाहेब पाटलांनी बांधलेल्या चळवळीमुळे आणि १९६९च्या माथाडी कायद्यामुळे. मजुरी माथाडी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्य निर्वाह निधी आला. वजनाचं भांडण मात्र त्यानंतरही चालूच राहिलं. ५० किलोवरची गोणी उचलणार नाही, यासाठी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात काम बंद ठेवण्याची वेळसुद्धा आली. व्यापारी म्हणतो, गोणी मोठी असली की वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, वाचते. त्याचे चार पैसे वाचतात आणि एखाद्याची कंबर चाळिशीतच कामातून जाते. मला हा हिशेब कधीही पटलेला नाही.

सिमेंटचं बघ. आपल्याकडे पिशवी ५० किलोची. युरोपात तेच सिमेंट २५ किलोच्या पिशवीत मिळतं. माणसाचे मणके इथे आणि तिथे सारखेच. पिशवी भरणाऱ्या यंत्रावर आकडा कुठे लावायचा, एवढाच प्रश्न. माझ्या मते लाखो कमरांचं भवितव्य अशा ऑफिसातल्या निर्णयांत ठरतं, आणि तिथे कमरेच्या डॉक्टरला कुणी बोलावत नाही.

तुझ्या वॉर्डातलं ओझं मात्र गोणीपेक्षा अवघड. गोणी हलत नाही, घाबरत नाही, मधेच गळ्याला मिठी मारत नाही. पेशंट हे सगळं करतो. नायॉशचे टॉम वॉटर्स यांनी २००७ साली याच सूत्रावरून हिशेब करून लिहिलं, की पेशंट हलवताना एका व्यक्तीवर ३५ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण १६ किलोंपेक्षा जास्त भार येता कामा नये, आणि तेही परिस्थिती अनुकूल असताना. १६ किलो म्हणजे किती? सत्तर किलोच्या माणसाचा एक पाय अकरा किलोंच्या आसपास भरतो. ड्रेसिंग करताना मावशी तो पाय हात लांब करून दहा मिनिटं धरून उभी राहते ना, ती तेव्हाच मर्यादेपाशी पोचलेली असते. तिच्या ध्यानीमनीही नसतं. पायाखाली एक उशी किंवा पाय टेकायचा स्टँड दिला की झालं.

आणि पलंगावरून ट्रॉलीवर घेताना आपण काय करायचो आठव. चौघं-पाचजण, चादरीचे कोपरे मुठीत, वॉर्डबॉय मामांचं ‘एक, दोन, तीन’ आणि हिसका. ट्रॉलीपलीकडून ओढणाऱ्या सिस्टरला ट्रॉलीची सगळी रुंदी ओलांडून पुढे झुकावं लागतं. म्हणजे तेच ५० सेंटीमीटर, कधी त्याहूनही जास्त. त्यात ट्रॉली पलंगापेक्षा उंच असली तर पेशंट ओढायचाही आणि चढवायचाही. बऱ्याच कमरा इथे जातात. तुझ्याकडच्या त्या तिघींपैकी निदान एकीची तरी कंबर अशाच वेळी गेली असेल, विचारून बघ.

यावर उपाय महागडे नाहीत. स्लाइड शीट म्हणजे गुळगुळीत नायलॉनचं कापड. ते पेशंटखाली सरकवलं की घर्षण इतकं कमी होतं, की उचलावं लागतच नाही, नुसतं सरकवायचं. पण ते कपाटात कुलपाखाली राहिलं तर त्याचा काही उपयोग नाही. मी अशी कुलपं पाहिली आहेत. चावी इनचार्जकडे, इनचार्ज मीटिंगमध्ये आणि सिस्टर चादरीनेच ओढतेय. प्रत्येक पलंगाच्या डोक्याशी एक हूक लाव आणि शीट तिथेच टांग. उचलण्याच्या यंत्राचंही तसंच. होइस्ट असतो, पण बॅटरी उतरलेली, किंवा झोळी धुवायला गेलेली, किंवा तो तीन दारं ओलांडून आणावा लागतो. पेशंटला बाथरूमची घाई असताना कुणी तेवढं थांबत नाही. साधन पाच पावलांत हवं, चार्ज केलेलं हवं आणि ते वापरायला लागणारा वेळ ड्युटीच्या हिशेबात धरलेला हवा. हे तिन्ही नसलं तर ‘आम्ही यंत्र दिलं होतं, स्टाफ वापरत नाही’ असा शेरा येतो आणि पुन्हा खापर सिस्टरच्याच डोक्यावर.

पलंगाची उंची ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. हँडल फिरवून वर-खाली होणारे पलंग तुझ्याकडे असतील, तर आधी किती हँडलं गंजून अडकलीत ते बघ. स्पंजिंगला, बेड बनवताना, ड्रेसिंगला पलंग सिस्टरच्या कमरेच्या पातळीला आला पाहिजे. दोन सिस्टर असल्या तर उंची बुटकीच्या हिशेबाने ठेव. काम झाल्यावर मात्र पलंग खाली आणायला विसरू नकोस, नाहीतर पेशंट पडेल.

पेशंट पडण्यावरून आठवलं. हे सांगायला जड जातं, पण सांगते. उभा पेशंट कोसळायला लागला, की आपली पहिली ओढ त्याला झेलायची असते. आपल्या पिढीला तर तसंच शिकवलं होतं. झेलायचं नाही, कुंदा. अचानक अंगावर येणारं साठ-सत्तर किलोचं वजन, तेही वळलेल्या कमरेवर, याहून वाईट काही नाही. त्याच्या मागे अंगालगत उभं राहायचं, आपल्या अंगावरून त्याला हळूच खाली घसरू द्यायचं, फक्त डोकं आपटू द्यायचं नाही. आणि जमिनीवरून उठवायला हात लावायचा नाही, होइस्ट आणायचा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात नर्सेसच्या संघटनेने १९९८ साली ‘हाताने पेशंट उचलणार नाही’ असं धोरणच घेतलं. पुढे सरकारने साधनांसाठी पैसे दिले आणि तिथल्या दुखापतींचे दावे बरेच उतरले. ब्रिटनच्या १९९२च्या नियमांचा क्रमही आपल्या मुलींना पाठ करून घेण्यासारखा आहे. आधी, हे हाताने उचलणं टाळता येईल का? नसेल, तर धोका तपास. मग तो जितका कमी करता येईल तितका कर. कसं उचलायचं हे त्यानंतर येतं, आपण मात्र तिथूनच सुरुवात करतो.

स्टोअररूमही एकदा बघून ये. सलाइनच्या ५०० मिलीच्या २४ बाटल्यांचा खोका बारा किलोंच्या वर जातो. असे खोके बहुतेक ठिकाणी जमिनीवर तरी असतात किंवा अगदी वरच्या फळीवर. जड सामान गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली, हलकं आणि क्वचित लागणारं वर-खाली, एवढा एक बदल एका दुपारी होतो. मळक्या चादरींच्या पिशव्या लहान आण, म्हणजे कुणी ठासून भरूच शकणार नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर लोळवत नेऊ देऊ नकोस, गाडी माग.

आता वेळेबद्दल. आपल्या गाद्या रात्री आडवं झाल्यावर पाणी शोषून फुगतात. उल्मच्या त्या स्वयंसेवकाच्या गादीतला दाबही झोपेत ०.१ वरून ०.२४ वर गेला होता. फुगलेली गादी वाकण्याला जास्त कुरकुरते. कमरेच्या जुन्या दुखण्यात सकाळच्या पहिल्या काही तासांत खोल वाकणं टाळल्याने दुखणं कमी होतं, असं स्नूक यांच्या १९९८च्या अभ्यासात दिसलं. सकाळी सातला ड्युटीवर आल्या आल्या सगळी स्पंजिंग उरकायची पद्धत असेल, तर थोडी पुढे ढकलता येते का बघ. टेम्पोवाल्यांना मी हेच सांगते. नाशिकहून तासन्तास हादरे खात बसून आलेला ड्रायव्हर उतरतो आणि उतरताक्षणी माल खाली करायला लागतो. दोन मिनिटं चाल, कंबर मागे वाकव, मग हात लाव. ऐकतात काही जण.

पट्ट्याबद्दल तू नक्की विचारणार. कमरेचा पट्टा प्रत्येकीला वाटावा, असं तुझ्या साहेबांच्या मनात असेल, कारण तो दिसतो आणि स्वस्त पडतो. अमेरिकेत एका मोठ्या दुकान साखळीच्या नव्या १६० दुकानांत हजारो कामगारांवर याचा अभ्यास झाला, २००० साली छापून आला. पट्टा रोज बांधणारे आणि न बांधणारे यांच्या दुखापतींत फरक निघाला नाही. ज्याची कंबर दुखतेय त्याला पट्ट्याने आधार वाटत असेल तर थोडे दिवस बांधू दे, पण धडधाकट माणसाला तो वाचवत नाही. उलट पट्टा बांधलाय म्हणून जास्त उचलायची भीड चेपते. पैसे स्लाइड शीटला घालायला सांग. उपयोगी ठरलाय तो व्यायाम. २०१६ साली सगळे अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा, नियमित व्यायाम आणि त्याच्या जोडीला माहिती, यांनी कंबरदुखीचा धोका बराच कमी झालेला दिसला. नुसत्या माहितीने नाही. तेव्हा ते तासाभराचं लेक्चर वीस मिनिटांवर आण आणि उरलेला वेळ ड्युटीच्या वेळातच मुलींना व्यायामाला दे. घरी जाऊन करा म्हणशील तर होणार नाही, त्यांना घरी दुसरी ड्युटी असते.

आणखी एक, जे कारखान्यातले लोक ऐकून घ्यायला तयार नसतात. बोइंगच्या विमान कारखान्यात तीन हजारांवर कामगारांना बरीच वर्षं पाहिलं. १९९१च्या त्या अभ्यासात, ज्यांना आपलं काम जवळजवळ कधीच आवडत नव्हतं, त्यांच्यात कंबरदुखीची तक्रार करण्याचं प्रमाण अडीचपट निघालं. याचा अर्थ दुखणं खोटं असतं असा मुळीच नाही. कुणी विचारपूस करत नाही, चूक नसताना ओरडा बसतो, मदत मागितली तर नाक मुरडतात, अशा जागी अंग ताठ राहतं, माणूस एकटाच उचलायला जातो आणि दुखलं तर लपवतो. लपवलेलं दुखणं वाढतं. तुझ्या वॉर्डात ‘जरा हात लाव गं’ म्हणायला कुणाला संकोच वाटता कामा नये. हे तू करू शकतेस, तुझा स्वभावच तसा आहे.

गावाकडे अजूनही उसण भरली की पायाळू माणसाला शोधून आणतात आणि त्याचा पाय कमरेला लावून घेतात. बरं वाटतं, कारण बहुतेक उसण आपोआपच थोड्या आठवड्यांत उतरते. त्यात नुकसान काही नाही. नुकसान होतं ते महिनाभर फळीवर पडून राहण्याने. फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवरचा १९९५चा अभ्यास आहे. कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना व्यायाम दिले, काहींना सांगितलं की सोसेल तेवढं रोजचं काम चालू ठेवा. सगळ्यात लवकर सावरले ते हे तिसरे. आणि एमआरआय काढून ‘मणक्यात गॅप आहे’ असं ऐकलं की आपली माणसं हायच खातात. ज्यांना काहीच दुखत नाही, अशा चाळिशीतल्या निम्म्या लोकांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते. ते वयाचं आहे, केस पिकावेत तसं. तुझ्या त्या तिघींपैकी कुणी असला रिपोर्ट घेऊन रडत बसली असेल, तर तिला हे आवर्जून सांग.

मात्र काही लक्षणं दिसली तर एक तासही थांबायचं नाही. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद जाऊ लागली, तर सरळ इमर्जन्सीत. ताप, वजन उतरणं, रात्रीची न थांबणारी कळ, पूर्वी झालेला कॅन्सर, जोराचा मार, यांपैकी काही असलं तरी डॉक्टरांनी नीट तपासल्याशिवाय ‘कंबरच आहे’ म्हणून सोडून द्यायचं नाही. हे तुला ठाऊक आहेच, पण नव्या मुलींना लिहून दे.

तिघी परत येतील तेव्हा ‘पूर्ण बरी झालीस तरच ये’ असं म्हणू देऊ नकोस. पूर्ण बरं व्हायची वाट बघत घरी बसलेली बाई जितकी जास्त दिवस बसते, तितकी परत येणं तिला अवघड होतं. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना औषधं, नोंदी, ॲडमिशन असं काम दे. पेशंट सरकवायच्या कामातून वगळ, आणि ते ड्युटीच्या तक्त्यावर लिही, म्हणजे बाकीच्यांनी टोमणे मारायला नकोत. मग हळूहळू वाढव.

तू एवढं कर. टेप घेऊन पलंगांची कमीत कमी आणि जास्तीत जास्त उंची मोज, ट्रॉलीची मोज, स्टोअरमधल्या फळ्यांची मोज. किती हँडलं चालतात, स्लाइड शीट किती आहेत आणि कुठे आहेत, होइस्ट चार्जिंगला कुठे लागतो, तेही लिही. रात्रपाळीला किती पेशंटमागे किती हात असतात, ते विसरू नकोस. शुक्रवारी तुझ्याकडे सुट्टी, तेव्हा रात्री नऊला फोन कर. माझे साडेदहा वाजलेले असतील, पण मी जागी असते. आपण दोघी बसून मागणीपत्र तयार करू, आकडे घालून. तुझ्या साहेबांना तीन सिस्टरांच्या रजेचा खर्च आणि वीस स्लाइड शीटची किंमत शेजारी शेजारी लिहून दाखवायची. ते मी टाइप करून देते.

आईंचं बीपी ठीक आहे, काळजी करू नकोस. मी रविवारी जाऊन येते आहे.

तुझी,
मैत्रीण